मोरोबादादांची चण्यांची पुडी

मोरोबादादांना नाटक कसं वाटलं, हे त्यांना विचारावं लागत नसे. त्यांच्या कोटाच्या खिशात हात घातला की कळे. थेटराच्या दारात चणेवाला बसलेला असायचा. आत शिरताना त्याच्याकडून ते एक पुडी घेत आणि पडदा वर गेला की ती मांडीवर ठेवून बसत. नाटकात जीव रमला नाही की हात आपसूक पुडीकडे जाई. पहिल्या अंकातच पुडी संपली तर छत्री उचलून सरळ घरी. अर्धी उरली तर नाटक बरं. थोडेसेच दाणे कमी झाले असले तर उत्तम. "मी मत देत नाही हो, मास्तर," ते मला म्हणत, "मत माझा हात देतो. मी आपला घरी जाऊन पुडी बघतो."

भरलेली पुडी घेऊन ते घरी आले आहेत, असं मात्र कधी झालं नव्हतं.

फणसवाडीत आमची बिऱ्हाडं एकाच माडीवर शेजारी शेजारी होती. मी रत्नागिरीकडून आलेला, गिरगावातल्या एका शाळेत मास्तर. ते पिढ्यान्‌पिढ्यांचे मुंबईकर. आजोबांच्या वेळी माहीमला त्यांची नारळाची वाडी होती म्हणत. ती केव्हाच गेली, आणि मोरोबादादांच्या वाट्याला उरली ती कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका सरकारी कचेरीतली कारकुनी आणि माशांची आवड. डोक्याला पागोटं, हातात बारमाही छत्री, आणि आवाज असा की गॅलरीत ते "जरा मीठ द्या" म्हणाले तर समोरच्या चाळीतली बाई मीठ घेऊन दारात यायची. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. कचेरीत साहेबाच्या खोलीत गेले की बाहेरच्या सगळ्यांना त्यांची बाजू ऐकू येई, साहेबाची नाही.

नाटकाचं त्यांना वेड होतं असंही नाही. वेड मला होतं. मी पदं पाठ करी, कोणत्या कंपनीतला कोण कुठे गेला याची बातमी ठेवी आणि चारचौघांत रागांची नावं घेई. दादा आपले मनात आलं की येत. मी एकदा त्यांना म्हटलं, "दादा, तुम्हाला गाण्यातलं कळत नाही, मग नावं कशी ठेवता?" ते म्हणाले, "मास्तर, मला बटाट्याची भाजी करता येत नाही. पण खारट झाली तर पान पुढे सरकवतो की नाही?"

त्यांची मतं वाडीत प्रसिद्ध होती. एका गाजलेल्या नाटकातल्या राजाबद्दल म्हणाले, "रडतो छान. पण राज्य केव्हा करतो ते दाखवायला विसरले." एका विनोदी माणसाबद्दल म्हणाले, "तो स्वतःच आधी हसतो. मग आपल्यासाठी काही उरत नाही." नाटक कसं आहे असं कंपनीच्या माणसाला विचारणाऱ्या कुणालाही ते थांबवत. "कोळणीला विचारून बघा, मासा ताजा आहे का. शिळा आहे म्हणाली तर मला येऊन सांगा."

चुकत नसत असं नाही. एकदा सगळ्या मुंबईने डोक्यावर घेतलेल्या नाटकात त्यांची पुडी दुसऱ्या अंकाच्या आत संपली, आणि वाडीत आठवडाभर त्यांनी त्या नाटकाची साल काढली. पुढच्या रविवारी मला ओढत पुन्हा त्याच खेळाला घेऊन गेले. मध्यंतरात बाहेर येऊन तिकिटं फाडणाऱ्या माणसाला म्हणाले, "गेल्या खेपेला मी तुमच्या नाटकाची फार निंदा केली. दोष नाटकाचा नव्हता, माझ्या नव्या जोड्यांचा होता. आज जुने घालून आलोय. नाटक चांगलं आहे." त्या बिचाऱ्याने हात जोडले. मला हसू आलं, पण मनात म्हटलं, असा माणूस विरळा.

मेडलांवर मात्र त्यांचा दात होता. त्या काळात नटांना मेडलं देण्याची लाट आली होती. कुणी शेटजी, कुणी संस्थानिक, कुणी चार पैसे गाठीला असलेला दुकानदार भर नाटकात उठे, रंगभूमीवर चढे आणि नटाच्या छातीवर सोन्या-चांदीचं मेडल लावी. तोवर राजा, राणी, प्रधान सगळे गप्प उभे. नट ती मेडलं पुढे प्रत्येक खेळाला लावून येत, मग भूमिका कोणतीही असो. एकदा रानात टाकलेल्या, अन्नाला महाग झालेल्या राणीच्या पदरावर मेडलांची रांग चमकताना पाहून दादा माझ्या कानात बोलले. कानात म्हणजे चार रांगांना ऐकू गेलं. "बाई, एक मेडल मोड. वर्षभराचे तांदूळ येतील. मग कशाला रडतेस?"

आमच्या वाडीत एका गायक नटासाठी मेडलाची वर्गणी निघाली तेव्हा दादांनी ती दिली नाही. "गाताना घाम त्याला आला," ते म्हणाले, "त्याला पंखा द्या. बिल्ला कचेरीच्या शिपायालाही असतो." लोकांनी कंजूष म्हटलं. दादांनी खरंच एक ताडाचा पंखा विकत घेतला आणि त्या नटाच्या बिऱ्हाडी पोचता केला.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, कारण तोवर त्यांचं स्वतःचं काही पणाला लागलं नव्हतं. पुढे लागलं, ते त्यांच्या भावामुळे.

सदू त्यांच्याहून पुष्कळ धाकटा. आई त्याच्या लहानपणीच वारली. दादांना आणि जानकीवहिनींना मूल नव्हतं, त्यांनी सदूलाच मूल मानलं. सदू गोरा, नाजूक, आणि आवाजाची देणगी घेऊन आलेला. सोळाव्या-सतराव्या वर्षी एका नाटक कंपनीने त्याला मागणी घातली, स्त्रीपार्टासाठी. जातीतली वडील मंडळी दादांच्या बैठकीत येऊन तावातावाने बोलली. "आपल्या घरातला मुलगा लुगडं नेसून लोकांपुढे नाचणार?" दादा म्हणाले, "मी रोज साहेबापुढे नाचतो. लुगडं नेसत नाही एवढंच. त्याला निदान टाळ्या तरी मिळतील." मंडळी चहा न घेता उठली.

मग दादांनी सदूला समोर बसवलं. मी तिथेच होतो.

"जा तू," ते म्हणाले. "पण एक सांगून ठेवतो. बाहेरचे सगळे तुला गोड सांगतील. तो त्यांचा धंदा. मी खरं सांगेन. चालेल?"

"चालेल, दादा."

"वाईट वाटून घ्यायचं नाही."

"नाही घेणार."

सदूचं नाव झालं. दोनतीन वर्षांत तो पडद्याबाहेर आला की थेटर उसळू लागलं. मेडलंही आली. पण कंपनीचा मुक्काम मुंबईत असला की खेळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो घरी येई, जोडे काढता काढताच विचारी, "दादा, चणे?" वहिनी कोनाड्यातली पुडी आणून त्याच्या हातावर ठेवीत. तो ती उघडून पाही आणि त्याचा चेहरा उतरे, नाहीतर थोडा उजळे.

"अर्धे?"

"अर्धे. मरताना फार वेळ लावतोस. एवढा श्वास शिल्लक असता तर ती बाई मेलीच नसती."

सदू हसे, आणि पुढच्या खेपेला खरोखरच लवकर मरे. पुडीतले चणे वाढत गेले. एकदा तर तळहातावर मावतील एवढेच कमी होते. सदू म्हणाला, "दादा, एक दिवस पूर्ण पुडी घेईन तुमच्याकडून." दादा म्हणाले, "घे की. मी काय धरून ठेवलीय?" मला ठाऊक होतं, आणि वहिनींनाही ठाऊक होतं, की सदूच्या सगळ्या मेडलांपेक्षा त्याचा जीव त्या चण्यांत अडकला होता.

त्या वर्षी थंडीत कंपनी मुंबईत असताना सदूचा घसा धरला. ताप होता, गिळताना त्रास होत होता. डॉक्टरांनी महिनाभर गाऊ नका म्हणून बजावलं. पण कंपनीने रविवार दुपारचा खास खेळ लावला होता आणि एक बडे शेटजी त्यात सोन्याचं मेडल देणार होते. गावभर जाहिराती लागल्या होत्या. सकाळी सदू घरी आला तेव्हा दादांनी त्याला कधी नव्हे ते विनवलं. "नको गाऊस, सदू. बदली माणूस उभा करतील."

"मेडलाच्या दिवशी कुणी आजारी पडतं का, दादा? आणि आज तुमची पुडी घ्यायचीय मला."

"पुडी कुठे पळून जात नाही."

सदूने ऐकलं नाही. दादांनी नेहमीप्रमाणे दारात चणे घेतले आणि आम्ही जाऊन बसलो. तिसऱ्या अंकात एक प्रसंग होता. तान्ह्या मुलाला नदीकाठी ठेवून निघालेली राणी मागे वळते आणि गाते. सदू मागे वळला, आणि मी आयुष्यात तसं गाणं ऐकलं नाही. आवाज तापाने किंचित खरखरीत झाला होता, आणि त्यामुळेच की काय, ती बाई खरी वाटत होती. मी दादांकडे पाहिलं. पुडी मांडीवर होती. हात गुडघ्यावर होता आणि तिथून हलत नव्हता.

गाणं संपलं आणि "वन्समोअर"चा गजर झाला. सदू पुन्हा गायला. पुन्हा गजर. दुसऱ्यांदा गाऊन होताच शेटजी रंगभूमीवर चढले, हातातलं मेडल लोकांना दाखवत म्हणाले, "अजून एक वार ऐकू, मग आमच्या हाताने लावू!" थेटर वेडं झालं. सदूने कापडाच्या रंगवलेल्या झाडाला हात टेकला आणि दुसरा हात घशाकडे नेला. झाड हललं. लोक त्यालाही हसले.

तेव्हा दादा उभे राहिले आणि ओरडले, "नो मोअर! बास! नो मोअर!"

ज्यांनी ती थेटरं पाहिली नाहीत त्यांना सांगायला हवं की "नो मोअर" ही साधी आरोळी नव्हती. नटाला पाडायचं असलं की दुसऱ्या कंपनीची भाडोत्री माणसं ती ठोकत. ती ऐकू आली की गाणाऱ्याची अब्रू गेली असं धरत. आसपासचे लोक दादांवर तुटून पडले, कुणी कोट ओढला, कुणी पागोट्यावर टपली मारली. दादा खाली बसेनात. "मुलगा आजारी आहे! दिसत नाही तुम्हाला?" ते ओरडत होते. पण त्या गोंधळात त्यांचा शब्द नि शब्द विरला आणि वरपर्यंत पोचली ती पहिली आरोळीच.

सदूने तो आवाज ओळखला. तो आवाज कुणीही ओळखला असता. त्याने आमच्या दिशेने पाहिलं, झाडावरचा हात काढला, आणि तिसऱ्यांदा गायला उभा राहिला. पहिली ओळ झाली. दुसरीत वर जाताना आवाज फाटला. कापड फाटावं तसा टरकन. तरी त्याने तोंड हलवत पद पुरं केलं. शेटजींनी मेडल लावलं, लोकांनी टाळ्या पिटल्या. मला त्या लोकांचा राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

घरी येऊन दादांनी कोट काढला आणि खिशातून पुडी काढली. वहिनींनी ती हातात घेतली. दुमड तशीच होती, जशी चणेवाल्याने दिली होती.

"हे काय? उघडलीच नाही?"

"नाही," दादा म्हणाले. "लक्षातच आलं नाही. कोनाड्यात ठेव. उद्या सदू येईल, त्याला द्यायचीय."

सदू आला नाही. कंपनीचा एक माणूस निरोप घेऊन आला. "सदानंदराव म्हणतात, माझं मेडल दादांच्या डोळ्यांत खुपलं. असो. आता त्यांचे चणे मला नकोत." दादा तसेच उठून कंपनीच्या बिऱ्हाडी गेले. सदूने दार उघडलं नाही. दोन दिवसांत कंपनी वऱ्हाडाकडे निघून गेली.

त्यानंतर सदूचा आवाज परत आला नाही. औषधं झाली, मध-हळद झाली, नवससायास झाले. आधी कंपनीने त्याला मुक्या दासीची कामं दिली, मग तीही काढून घेतली. वर्षभराने कळलं, तो मुंबईतच आहे, परळकडे एका गिरणीत कामगारांची हजेरी घेतो आणि डिलाईल रोडवरच्या चाळीत राहतो. फणसवाडीत तो फिरकला नाही. वहिनी दिवाळीला फराळाचा डबा पाठवीत. डबा रिकामा परत येई, आणि तेवढ्यावर त्या समाधान मानीत. दादा नाटकाला जायचे थांबले. कोनाड्यातली पुडी मात्र त्यांनी काढू दिली नाही.

प्लेगच्या आधीच्या पावसाळ्यात कोटात एक नवल आलं. एका मोठ्या हॉटेलात हलती चित्रं दाखवतात अशी बातमी कचेरीत पसरली. दादा मला म्हणाले, "चला मास्तर, बघू तरी काय सोंग आहे." अंधाऱ्या दालनात, साहेब-मडमांच्या मागच्या रांगेत आम्ही बसलो. दारात चणेवाला नव्हता. समोर पांढरा पडदा, मागून यंत्राची खडखड, आणि एकदम पडद्यावर माणसं चालू लागली. एक बाई पोराला न्हाऊ घालत होती. पोर हातपाय झाडून रडत होतं, बाई त्याला काहीतरी समजावत होती. समुद्राची लाट आली तेव्हा पुढची मडम पाय वर घेऊन किंचाळली. मला मौज वाटली. दादा मात्र गप्प होते, आणि काळबादेवी येईस्तोवर गप्पच राहिले. त्यांना इतका वेळ गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

मग रस्त्यातच थांबून म्हणाले, "मास्तर, त्या बाईचं तोंड हलत होतं."

"हो."

"आवाज नव्हता. तरी ती पोराला काय म्हणत होती ते मला कळत होतं."

"मलाही कळलं."

"यात नटाला घसा लागत नाही," दादा म्हणाले. "नुसता चेहरा लागतो. आणि वन्समोअर म्हणा, रात्रभर म्हणा. चित्राला कसला त्रास? आज पोरंबाळं दाखवतायत, उद्या नाटकं दाखवतील. सदूला हे सांगायला हवं."

पुढच्या रविवारी आम्ही डिलाईल रोडला गेलो. सदू दाराशी बाजेवर बसला होता. राणी होणाऱ्या त्या चेहऱ्यावर आता जाड मिशा होत्या. तो उठून उभा राहिला, पण आत या म्हणाला नाही. दादांनी उभ्या उभ्याच सगळं सांगायला सुरुवात केली, पडदा, यंत्र, बाई, पोर. आवाज मोठा, त्यामुळे चाळभर माणसं गॅलरीत आली. "तुझे डोळे बोलतात रे सदू. तिथे घशाचं काम नाही. तू एकदा येऊन बघ."

 सदूचा आवाज कोरड्या दोरासारखा झाला होता. "दादा, त्या दिवशी भर थेटरात मला गप्प बस म्हणालात. आता मी गप्प बसलोय, तर मुक्यांच्या खेळात नाव घाल म्हणता. एवढ्या लांब थट्टा करायला आलात?"

"थट्टा नाही रे. खरं सांगतोय."

"तुमचं खरं पुरे झालं मला," सदू म्हणाला, आणि आत गेला.

परत येताना लालबागपाशी मी दादांना म्हणालो, "पुडीचं सांगितलं असतंत तर? त्या दिवशी एक दाणा खाल्ला नाहीत, एवढं एकच त्याला कळायला हवंय."

दादा छत्रीच्या टोकाने जमीन टोकरू लागले. "आता सांगितलं तर समजूत घातल्यासारखं होईल," ते म्हणाले. "आजपर्यंत मी त्याची समजूत घातलेली नाही, मास्तर. मी त्याला खरं सांगत आलोय. आता खरंही त्याला समजुतीचंच वाटणार." मला तेव्हा हा हट्ट वाटला आणि मी तसं बोललोही. दोघे भाऊ एकाच मातीचे, असंही म्हणालो. दादांनी मान डोलावली.

थंडी पडली आणि मांडवीकडून प्लेग पसरला. थेटरं बंद झाली, शाळा ओस पडल्या, फणसवाडीतली अर्धी बिऱ्हाडं गावोगाव पांगली. मी बायकोमुलांना रत्नागिरीला पोचवून आलो. दादांनी वहिनींना चौलला माहेरी जा म्हटलं, त्या हलल्या नाहीत. जानेवारीत एका सकाळी दादांना हुडहुडी भरली, संध्याकाळी जांघेत गाठ आली. इस्पितळात नेतील या भीतीने वहिनींनी दार लावून घेतलं. ज्या घराबाहेर नेहमी माणसांचा राबता, त्या घरासमोरून लोक तोंडाला फडकं लावून जाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिलाईल रोडला गेलो. सदूला दारातच सांगितलं, "दादांना गाठ आलीय." त्याने अंगात सदरा चढवला आणि माझ्या पुढे चालू लागला. वाटेत त्याने एकच विचारलं, "शुद्धीवर आहेत?"

"आहेत. पण आवाज गेलाय."

तो थबकला, मग आणखी भरभर चालू लागला.

दादा खिडकीखाली पडले होते. डोळे उघडे. सदू त्यांच्या उशाशी बसला, तशी दादांची नजर त्याच्यावर स्थिरावली आणि ओठ हलू लागले. ज्यांचा शब्द समोरच्या चाळीत जाई, त्यांच्या तोंडून श्वासाएवढाही आवाज निघत नव्हता. वहिनी त्यांच्या तोंडाशी कान नेत होत्या. "पाणी हवंय का हो? पाणी?" दादांनी मानेनेच नाही म्हटलं. पुन्हा ओठ हलले. सदू कान न देता त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होता.

"चणे," तो म्हणाला. "वहिनी, ते चणे म्हणतायत."

वहिनींनी कोनाड्यातून पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. कागद पिवळा पडला होता, तेलाचे डाग उमटले होते, पण दुमड तीच होती. सदूने विचारलं, "ही कधीची?"

"त्या रविवारची," वहिनी म्हणाल्या. "तुला द्यायची म्हणून ठेवलीय. मला हात लावू देत नाहीत."

सदूने पुडी उघडली. चणे काळपट झाले होते, काहींना भुंग्यांनी भोकं पाडली होती.  मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. मी त्यांना सांगा म्हणालो होतो. ते म्हणाले, सदूला समजूत घातल्यासारखं वाटेल."

सदूने मान खाली घातली. "वाटलं असतं," तो म्हणाला. "मी विश्वास ठेवला नसता."

मग तो दादांच्या तोंडाशी वाकला आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "सगळे आहेत, दादा. एकही कमी नाही." दादांनी ते ऐकलं. त्यांचा उजवा हात चादरीवर थोडा सरकला. सदूने तो धरला. दुपारी, वहिनी देवाजवळ दिवा लावायला उठल्या तेवढ्यात दादा गेले. मी मास्तर माणूस, पोरांसमोर कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी भिंतीला टेकून पोरासारखा रडलो.

प्लेगच्या प्रेताला खांदा द्यायला कुणी येईना. वाडीतल्या ज्यांना दादांनी जन्मभर हसवलं, त्यांतला एक खालच्या मजल्यावरचा म्हातारा तेवढा पंचा गुंडाळून वर आला. सदू, मी आणि तो, तिघे झालो. निघताना मी सदूला म्हणालो, "ती मेडलं कुठे आहेत? वहिनींजवळ ठेव, आता त्यांना लागतील."

"ती केव्हाच मोडली," सदू म्हणाला. "दादा म्हणाले होते तसे तांदूळ आले."

पुडी त्याने पुन्हा पहिल्यासारखी दुमडली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, आणि आम्ही चौथा माणूस शोधायला खाली उतरलो.